ओव्हनमधले बूट

दोन गोळ्या एकमेकींवर आदळल्या आणि त्यांचा पार भुगा झाला.

तिनं पडद्यावर ते चित्रण पुन्हा लावलं, मग आणखी सावकाश करून पाहिलं. फरक काय पडणार होता? वाळूच्या वस्त्रगाळ पुडीच्या, वाटाण्याएवढ्या दोन गोळ्या. हवा काढून घेतलेल्या नळीत समोरासमोर येतात, भिडतात, आणि धुरळा. सकाळपासून हेच चाललं होतं. मागच्या आठवड्यात अशाच गोळ्या याच वेगानं भिडल्या, तेव्हा एकमेकींना घट्ट धरून बसल्या होत्या.

पलीकडच्या खोलीत सर गाणं गुणगुणत होते. सर, आणि गाणं! सगळी इमारत त्यांना पाठीमागे 'खडूस' म्हणायची, आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

या माणसाचं आयुष्य एका प्रश्नात गेलं होतं. कोवळ्या ताऱ्याभोवती वायू आणि धूळ फिरत असते. धुळीचे कण हलकेच भेटतात, चिकटतात, कणाचा खडा होतो. इथवर कुणाचं भांडण नाही. पण खड्यांना वेग आला, की ते आदळून फुटतात, आणि ग्रहाची गाडी तिथंच अडते. तरी ग्रह तर आहेत. आपण एकावर उभे आहोत. मग खड्याचा डोंगर झाला कसा? सर म्हणायचे, कोरडी धूळ वेगातही धरून ठेवते. बाकीचे हसायचे. भर परिषदेत, तोंडावर हसायचे.

आणि मागच्या आठवड्यात धुळीनं धरून ठेवलं. सरांनी तिचे दोन्ही हात पकडून टेबलाभोवती गिरकी घेतली होती. महिनाअखेरीस ते निवृत्त होणार. आज सगळ्या विभागासमोर शोधनिबंध छापायला पाठवायचा ठरला होता. केकसुद्धा आणला होता, तोही खडूस माणसानं स्वतःच्या खिशातून.

तिला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पूड रात्रभर ओव्हनमध्ये तापवायची, हा इथला पहिला धडा. हवेतली ओल कणांवर बसते, नुसत्या पंपानं ती निघत नाही, आणि ओलसर कण काय, कुणालाही चिकटतात. नवीन मुलांना हा धडा तीच घोकून घ्यायला लावायची. सरांच्या त्या प्रयोगाच्या आदल्या रात्री मात्र ओव्हनमध्ये पूड नव्हती. तिच्या लेकीचे बूट होते.

दुसऱ्या दिवशी शाळेत धावण्याची शर्यत. बुटांचा जोड एकच, आणि कार्टीनं चिखलात उड्या मारून तो चिंब करून आणलेला. "आई, ओल्या बुटांनी मी पडेन गं," म्हणून रडून रडून तिनं घर डोक्यावर घेतलं. प्रयोगशाळा घरापासून हाकेच्या अंतरावर. एका रात्रीनं काय बिघडतंय, म्हणत तिनं पुडीची बरणी बाहेर काढली, आच कमी केली आणि बूट आत सरकवले. सकाळी बूट घेऊन शाळेकडे पळाली. परत येईपर्यंत सरांनी तीच बरणी उघडून गोळ्या दाबायला घेतल्याही होत्या.

सांगते, सांगते म्हणेपर्यंत गोळ्या चिकटल्या आणि सर नाचायला लागले. नाचणाऱ्या माणसाला सांगायचं तरी कसं? पुढचे सगळे प्रयोग त्याच बरणीतून झाले. सगळे चिकटले. न चिकटून सांगतात कुणाला! मनाची खात्री करावी म्हणून काल रात्री तिनं गुपचूप नवी पूड तापवली. आणि आज हा भुगा.

"अगं, ये की!" सरांनी दारातून डोकं आत घातलं. अंगात नवा शर्ट, कॉलरखालचा पुठ्ठा काढायचा राहून गेलेला. "सगळे ताटकळलेत. केक तू कापायचास."

"मी कशाला, सर?"

"मग कुणी? निबंधावर नाव माझं पहिलं असलं, तरी हात तुझे आहेत."

तिचा हात पडद्याच्या बटणाकडे गेला. दाबलं की मिटलं. सर खुशीत घरी जातील, आणि हे उघडं पडेल तेव्हा पडेल. आपल्या डोक्यात असलं येऊ शकतं, याचीच तिला शिसारी आली.

"सर, हे बघा." तिनं खुर्ची मागे ओढली.

सरांनी पाहिलं. चष्मा लावून पुन्हा पाहिलं.

"वेग?"

"तोच."

"पूड?"

"रात्रभर तापवलेली."

"मग तेव्हाची?"

तिनं मान खाली घालून सगळं सांगितलं. चिखल, शर्यत, बूट, बरणी. "चुकलं माझं, सर. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी तोंड शिवून बसले."

आता ते ओरडतील, म्हणून ती थांबली. ओरडले असते तर बरं झालं असतं. पलीकडून कुणीतरी हाक मारली, "सर, केक वाट बघतोय!" सर ओव्हनपाशी गेले आणि दार उघडून आत वाकून पाहिलं. जाळीवर वाळलेल्या चिखलाचा एक खडा पडला होता, लहान बुटाच्या तळाची नक्षी अजून त्यावर होती. त्यांनी तो चिमटीत धरून दाबला. खडा फुटला नाही.

तो त्यांनी अलगद टेबलावर ठेवला. मग तिच्याकडे न बघता विचारलं,

"बूट तरी वाळले होते का?"