दारावरची झडती

परसरामनं दोन्ही हात वर केले, पाय फाकवले अन् मान उजवीकडे वळवून उभा राहिला. दारावरच्या गार्ड सरितानं त्याला फक्त बिल मागितलं होतं.

"हात खाली करा ना काका. लोक पाहून राहिले."

"जवाहरनगरले चौतीस वर्षं फॅक्टरीच्या गेटवर झडतीले हेच केलो बाई. आता आपोआप वर जातेत. घरी बायको दारात आली तरी जातेत."

मार्टच्या दारात हशा झाला. सरिता हसली नाही. सकाळीच मालक मनिषनं तिला फळ्यांवरच्या रिकाम्या जागा दाखवल्या होत्या. साबण, चिक्की, उदबत्ती, रोज काही ना काही गायब. चार कॅमेरे लावून झाले, माल जातच होता. मग गिऱ्हाइकांच्या पिशव्या दारातल्या रॅकवर ठेवून टोकन द्यायला सुरुवात केली, तर दुप्पट जायला लागला.

"दारावर तू रायते," मनिष म्हणाला होता. "आज चोर नाही सापडला, तं उद्यापासून येऊ नको."

तेव्हापासून सरितानं कोणाचं तोंड पाहिलं नव्हतं. पदर, खिसे, पोटं, एवढंच पाहत होती. तिचा जेवणाचा डबा तसाच रॅकवर पडलेला. दुपारी सात महिन्यांच्या एका गरोदर बाईला तिनं "आत काय हाय?" असं विचारलं होतं, अन् त्या बाईच्या सासूनं तिला जे ऐकवलं ते अजून कानात होतं.

तिनं परसरामची पिशवी टेबलावर रिकामी केली. चहापत्ती, हरभऱ्याची डाळ, दोन्ही बिलात. शेवटी तळातून चिक्कीचा पुडा पडला. तो बिलात नव्हता.

परसरामचे हात हळूहळू खाली आले.

"हे माझं नाही."

"तुमच्या पिशवीत हाय काका."

"मी चिक्की कायले चोरू?" परसरामनं तोंड उघडून दाखवलं. आत एक दात होता, तोही हलत होता.

मागं उभी असलेली कोंढा गावची ललिताबाई पुढं झाली. "काहून छळतेस वं बुढ्याले? घे, माझी पिशवी पाय. मोकळी कर!"

सरितानं मोकळी केली. साबणाची वडी निघाली. बिलात साबण नव्हता.

"अगं माय!" ललिताबाई खालीच बसली.

तिच्या मागचे इश्वर गुरुजी हळूच रिकाम्या हातानं दाराकडं निघाले.

"गुरुजी, पिशवी राह्यली."

"माझी नव्हे ती."

पिशवीवर त्यांच्याच पोरीच्या लग्नाची तारीख छापली होती. आत उदबत्तीचा पुडा होता.

मग कोणी कोणाला आवरेना. लोक एकमेकांच्या पिशव्या उलट्या करायला लागले. फरशीवर कांदे घरंगळले. ज्याच्या त्याच्या पिशवीत एक एक वस्तू, अन् जो तो शपथ घेऊन राहिला. कॅश काउंटरवरून मनिष धावत आला. एवढे चोर एकदम पाहून त्याला घाम फुटला, अन् आनंदही झाला.

"टोळी हाय ही, टोळी! थांबा, कोणी हलू नका. ठाण्यात फोन लावतो."

"लाव ना!" ललिताबाई बसल्या जागेवरून ओरडली. "पण पहिले हिची पिशवी पाय. दिवसभर दारात हेच रायते का नाही?"

सगळे सरिताकडं वळले. मनिषनं फोनवर ठाण्यात 'चोर सापडला' म्हणत दुसऱ्या हातानं रॅकवरची तिची डब्याची पिशवी ओढली अन् झटकली. डबा पडला. त्याच्यावर चिक्कीचा पुडा. मग आणखी एक.

"माय शप्पथ, मनिषभाऊ," सरिता म्हणाली. "मी नाही घेतली."

"मले वाटतच होतं," मनिष म्हणाला. "काढ ते जॅकेट. निघ."

सरिता जॅकेटची चेन उघडायला लागली.

"ठेव ते पिशवीत!"

रॅकजवळच्या स्टुलावरून मनिषचा बाप तुलाराम उठला. टोकन द्यायचं काम त्याच्याकडं होतं. मार्ट व्हायच्या आधी याच जागेवर त्याचं किराणा दुकान होतं. कानानं कमी ऐकायचा, म्हणून एवढा वेळ त्याला वाटत होतं की लोक माल आवडला म्हणून दाखवून राहिले.

"तिच्या पिशवीले हात कायले लावते बे? तिचं हाय ते. मीच टाकलो."

"काय टाकलं बाबा?" मनिष त्याच्या कानाशी ओरडला.

"वरतून! गिऱ्हाईक माल नेते, तं वरतून काही फुकट टाकावं लागते का नाही? तू तं सांबार-कोथिंबिरीची काडी बी देत नाही कोणाले. लोक काय म्हणतीन? तुलाराम मेला म्हणतीन."

फरशीवरचे कांदे वेचणारे हात थांबले.

"मले काहून चिक्की, तुलारामभाऊ?" परसरामनं विचारलं.

"नातवाले दे म्हणून. खा म्हटलो का तुले?"

"अन् हिले दोन?" ललिताबाई म्हणाली.

"मंग? सकाळपासून उभी हाय पोरगी. डब्याले हात नाही लावला तिनं. तुमाले दिसलं नाही?"

 मनिषच्या हातातला फोन बोलत होता. "हॅलो? हॅलो, चोर सापडला म्हणता ना? नाव सांगा त्याचं."

मनिषनं फोनकडं पाहिलं, बापाकडं पाहिलं. मग फोन सरितापुढं धरला.

"तू बोल. दारावर तूच होती ना."

सरितानं तोवर पुडा फोडला होता. तोंडात चिक्कीचा मोठा तुकडा होता. मनिषकडं पाहत ती सावकाश चावत राहिली.