बारावा डबा

शेवग्याच्या पावडरीचे बारा डबे खपवले की कमलबाईंना कंपनीकडून मिक्सर मिळणार होता. धरणगावात त्यांच्या शब्दाला नाही म्हणणारं घर नव्हतं. "झाडपाला शे, अपाय काय व्हई? बीपी, शुगर, बठ्ठं जाई," असं सांगत त्यांनी पंधरा दिवसांत अकरा डबे भिशीतल्या बायकांच्या गळ्यात मारले. बारावा उरला, तो नवऱ्यापुढे ठेवला.

"घरनी बाई खोटं कसाले सांगी?" म्हणत पंडितराव रोज सकाळी चमचाभर पावडर घेऊ लागले, आणि बीपीची गोळी त्यांनी कुणाला न विचारता बंद केली.

दोन महिन्यांनी त्यांचं उजवं अंग गेलं. मिक्सर तोवर आलाच होता. त्यात आता त्यांचा वरणभात बारीक होतो.

कमलबाई रडल्या नाहीत. आणखी कुणाला काही व्हायच्या आत डबे परत घ्यावेत म्हणून पिशवी घेऊन त्या दारोदार निघाल्या. पहिल्याच दारात भिशीतल्या रूपाने फळीवरचा डबा पुसून हातात दिला.

"अक्का, तुमनं मन मोडाले नको म्हनीसन लिधा व्हता. डॉक्टरनी गोळी कोन सोडस?"

पुढच्या दारी तेच. त्याच्या पुढच्याही दारी तेच.

संध्याकाळी घरी येऊन त्यांनी पिशवी ओट्यावर रिकामी केली. अकरा डबे, आणि एकाचंही सील फुटलेलं नव्हतं.



अख्ख्या गावात संपला होता तो एकच डबा, पंडितरावांचा.