झाडाला वळसा

चेंबूरच्या गोल्फ मैदानावर झाडाला वळसा घालून चेंडू डावीकडे वळवायला चंद्रप्रकाशसाहेबांना तीन महिने लागले. शिकवलं ते त्यांची बॅग उचलणाऱ्या नितेशने, तेही गुपचूप. कारण कॅडीने मेंबरला शिकवलं की त्याला घरी बसवायचं, असा क्लबचा नियम.

रविवारी चेंडू झकास वळला. तो कुठे पडला ते बघायला नितेश पुढे गेला आणि इकडे क्लबचे सेक्रेटरी धावत आले.

"कोणी शिकवलं हो? आपल्याला कोच नेमायचाय. अगदी कॅडी असला तरी नेमू, नियम बदलू!"

नितेश कोच झाला, तर उद्या सगळेच मेंबर चेंडू वळवणार. मग आपल्याकडे कोण बघणार? साहेबांनी मनातल्या मनात हिशेब केला.

"छे हो, मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकलो."

परत आलेल्या नितेशने तेवढंच ऐकलं. सेक्रेटरी गेल्यावर त्याने साहेबांना वाकून नमस्कार केला.

"काम वाचवलंत माझं, साहेब. दुसरा कोणी असता तर नाव सांगून मोकळा झाला असता."

साहेबांना मान वर करवेना.

"बुधवारपासून उजवीकडे वळवायला शिकवतो," नितेश म्हणाला. "तुमच्यासारख्या माणसाला नाय शिकवायचं, तर कोणाला?"