खडकांचा नकाशा

दोन चंद्रांच्या त्या जगातला समुद्र अथांग होता आणि त्यात खडक एकही नव्हता. पण समुद्र कारणाशिवाय कुणाला नेत नाही, अशी बंदरातल्या लोकांची श्रद्धा होती. म्हणून एखादी होडी परतली नाही, की नकाशेवाला नकाशावर त्या जागी गुपचूप एक खडक रेखाटी. लोक त्याला बुडालेल्याचं नाव देत. पोराची चूक नव्हती, खडकच वैरी निघाला, एवढं कळलं की आईच्या घशाखाली घास उतरे.

त्या दुपारी नकाशेवाल्याच्या लेकीची होडी सुकाणू मोडून जागीच गरगरू लागली. होडीत पाणी शिरत होतं. धक्क्यावरून तिचं कललेलं शीड स्पष्ट दिसत होतं.

"होड्या काढा रे!" तो ओरडला.

"कशा काढू, काका?" होड्यांचा म्होरक्या तांडेल म्हणाला. "त्या पट्ट्यात खडकच खडक आहेत. माझ्या दादाचा खडकही तिथलाच."

"अरे, तिथे काही नाही! सगळे खोटे आहेत, मीच मनाने रेखाटलेत!"

तांडेलाने मागे वळून इतरांकडे पाहिलं. "लेकीसाठी बाप काहीही बोलतो," तो हळूच म्हणाला आणि त्याने नकाशेवाल्याला धरून खाली बसवलं. एकाही होडीचा दोर सुटला नाही.

शीड दिसेनासं झालं, तेव्हा तांडेलच कचेरीतून नकाशा आणि दौत घेऊन आला.



"आज राहू द्या, काका. तुम्ही फक्त जागा दाखवा, तिचा खडक मी रेखाटतो."