किल्ल्यासमोरची भिंत

देमेत्रिओची शवपेटी भिंतीवरूनच न्यायची असं ठरलं, कारण दुसरी वाटच उरली नव्हती. रात्रीच्या पावसानं मागचा ओढा फुगून वस्तीत शिरला होता आणि पुढच्या गल्लीचं तोंड भिंतीनं बुजवलं होतं. समोरच्या जुन्या किल्ल्याचा मोठा उत्सव होता. परदेशी पाहुणे येणार, त्यांच्या नजरेला सांतो दोमिंगो शहरातली ही नदीकाठची पत्र्याची घरं पडायला नकोत.

भिंत बांधायला देमेत्रिओही रोजावर होता. आपल्याच दाराला काय कुलूप घालताय, असं त्याची बायको एर्सिलिया तेव्हा त्याला म्हणाली होती. तो जेवून पुन्हा कामावर गेला होता. काल त्याच्या छातीत कळ आली तेव्हा अ‍ॅम्ब्युलन्स भिंतीपलीकडे भोंगा वाजवत उभी राहिली. ओढ्याच्या वाटेनं त्याला खांद्यावरून नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

शेजारचा चागो दोर घेऊन शिडीनं भिंतीवर चढला. वस्तीतले आणखी तिघं पलीकडे उतरले. पहाऱ्यावरचा शिपाई धावत आला. उद्याचा समारंभ होऊ द्या, परवा खुशाल न्या, असं त्याचं म्हणणं.

"उकाडा बघताय ना, साहेब?" चागो वरूनच म्हणाला. "परवापर्यंत थांब म्हणून तुम्हीच सांगा त्याला."

शिपायानं किल्ल्याकडे पाहिलं. तिथं बँडची तालीम चालली होती. मग त्यानं हातानंच खूण केली, उरका.

दोर ताणले. पेटी तिरकी झाली, आत काहीतरी सरकल्याचा आवाज आला. एर्सिलियानं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा भिंतीवर एकटा चागो होता.

तिनं डोक्याचा काळा रुमाल घट्ट केला आणि शिडीवर पाय ठेवला. दुसऱ्या पायरीला गुडघा वळेना. चागोनं हात धरून ओढून पाहिलं, पुन्हा पाहिलं. शेवटी तीच म्हणाली, "राहू दे. तुम्ही व्हा पुढं."

"आणि माती, मावशी?"

"माझ्या नावानं तू टाक."

चागो पलीकडे उतरला. एर्सिलिया भिंतीला हात लावून स्मशानाच्या दिशेनं चालू लागली, पलीकडच्या पावलांच्या बरोबरीनं. ओढ्याचं पाणी पोटऱ्यांना लागलं तशी ती थांबली. पावलं पुढं गेली.

ती शिडीपाशी परतली तेव्हा पलीकडे कुणीतरी बादली ठेवली. शिपायाचा आवाज आला, "दोर घासलेत तिथं चुन्याचे दोन हात मार. उद्या दिसायला नको."