उकळत्या हंड्यातली पट्टी

पापनाशम गावचे पाहुणे मुलगी बघायला आले तेव्हा अंबा कॉलेजच्या प्रयोगशाळेत होती. ते तसेच उठून गेले, आणि ती घरी येताच त्याचा सगळा राग तिच्या थोरल्या भावाने, अनिरुद्धरावाने, तिच्या पाठीवर काढला. वेताची छडी मोडली तेव्हा त्याने तिच्या हातातला डबा हिसकावला. डब्यात तिचं सगळं संशोधन होतं : पॉलिव्हिनाइल अल्कोहोल या पाण्यात विरघळणाऱ्या प्लास्टिकमध्ये भाताच्या तुसाची राख मिसळून केलेल्या, कागदासारख्या पातळ पट्ट्या.

"या प्लास्टिकपायी घराण्याचं नाक कापलंस होय गं?"

केसाला धरून त्याने तिला न्हाणीघरात फरफटत नेलं आणि खळखळ उकळणाऱ्या हंड्यात डबा पालथा केला. पाण्यात साखर विरघळावी तशा पट्ट्या बघता बघता नाहीशा झाल्या.

"संपली तुझी पीएचडी!"

ओठाचं रक्त पुसत अंबा हंड्यात बघत राहिली. मग तिने त्या पाण्यात हात घातला.

"अय्यो, अंबा!" अनिरुद्धराव किंचाळला.

हात बाहेर आला तो कोपरापर्यंत लालभडक भाजलेला. पण चिमटीत एक पट्टी होती, अख्खीच्या अख्खी.

"हिला भट्टीत सगळ्यांत जास्त तापवली होती, अण्णा," ती म्हणाली. "उकळत्या पाण्यात टिकते का, एवढंच बघायचं राहिलं होतं. पण एकच होती, म्हणून टाकायचा मला धीर होत नव्हता. तुम्ही टाकलीत."