आपल्या वाटेने

विद्यार्थिनीच्या पत्राला त्याने तीन महिने उत्तर दिलं नव्हतं. ‘सर, पाठ करू नका, आपल्या वाटेने सोडवा, असं तुम्हीच म्हणालात. सोबतचं परीक्षेतलं गणित मी तसंच सोडवलं. तरी मी नापास कशी?’

पीएचडी करतानाच विभागप्रमुखांच्या मागे लागून त्याने कॅल्क्युलस शिकवायची ही नवी पद्धत सुरू केली होती. आज त्याने तिचं गणित पहिल्यांदाच ओळीओळीने वाचलं. दिसायला वेगळं असलं तरी तिचं साइनमधलं उत्तर पुस्तकातल्या छापील कोसाइनमधल्या उत्तराइतकंच बरोबर होतं. त्याने नुसतं छापील उत्तराशी ताडून पाहून फुली मारली होती.

“कबूल केलंस तर तुझी पद्धत गुंडाळतील, शहाण्या,” त्याने हे सांगताच मित्र म्हणाला.

“अरे, तिचं वर्ष गेलंय!”

‘तुझं उत्तर बरोबर, चूक माझी,’ असं त्याने तिला लिहिलं. तेच विभागप्रमुखांनाही लिहिलं आणि दोन्ही पाकिटं टपालपेटीत टाकली.